आजीचं सोडियम आणि रॉकेलमधलं सोडियम

"आजीचं सोडियम घसरलंय, ॲडमिट केलंय." असा फोन आपल्यापैकी बऱ्याच घरांत कधी ना कधी येऊन गेलेला असतो. घरात नववी-दहावीतलं कुणी असेल तर त्याला एक रास्त प्रश्न पडतो. सोडियम पाण्यात टाकलं की भडका उडतो, म्हणून प्रयोगशाळेत ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. मग ते आजीच्या रक्तात काय करतंय?

सगळा फरक एका इलेक्ट्रॉनचा आहे. सोडियमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन, म्हणजे एकूण विद्युतभार शून्य. पण सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो देऊन टाकायला हा अणू टपलेलाच असतो. पाणी भेटलं की देतो. हायड्रोजन सुटतो, उष्णता निघते, आणि तोच तो भडका. उरतात ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन. हा झाला सोडियमचा आयन: एक धनभार असलेला आणि एकदम शांत. प्रोटॉन तेवढेच, म्हणून नाव सोडियमच. स्वभाव मात्र पार वेगळा. (आमच्या कोडमध्ये एक बिट बदलला तरी असंच होतं!) क्लोरीनचं उलट आहे. त्याला एक इलेक्ट्रॉन हवा असतो, तो मिळाला की क्लोराइड आयन. १९१५ साली ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडलेला विषारी वायू क्लोरीनच होता. आपल्या आमटीत पडतं ते क्लोराइड.

इंदूर-बडोद्याच्या मुलांनो, एक सांगून ठेवतो. शाळेच्या हिंदी किंवा गुजराती पुस्तकातला 'परमाणु' म्हणजे मराठीतला अणू, आणि तिथला 'अणु' म्हणजे आपला रेणू. आयन मात्र तिन्हीकडे आयनच.

तर आजीच्या रिपोर्टमध्ये मोजलेले असतात ते आयन. साधारण १३५ ते १४५ हा नेहमीचा आकडा. अंगावर भार आहे म्हणूनच ते कामाचे: मज्जापेशीच्या आवरणातून सोडियमचे आयन आत शिरतात, मग पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि निरोप पुढे सरकतो. रक्तात सोडियमचे आयन विरळ झाले की पाणी पेशींमध्ये शिरतं, मेंदूच्या पेशी फुगतात. आजी असंबद्ध बोलते, तोल जातो, दिवसा पेंगते. घरचे म्हणतात, "वय झालं आता." अचानक असं झालं तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासून घ्या.

"मग मीठ-पाणी पाजू या" हा सल्लाही लगेच येतो. तो ऐकू नका. बऱ्याचदा मीठ कमी नसतं, त्या मानाने शरीरात पाणी जास्त झालेलं असतं. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या काही गोळ्यांनीही सोडियम उतरतं. शिवाय उतरलेलं सोडियम फार झपाट्याने वर आणलं तर मेंदूला इजा होते, म्हणून दवाखान्यात ते हळूहळू, पुन्हापुन्हा रक्त तपासत चढवतात.

दुकानात मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठाचंही तेच. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चव जवळपास तीच, पण आयन दुसरा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांच्या किंवा बीपीची काही औषधं घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरात असं कुणी असेल तर ते पाकीट घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.