आधी बाटलीचा फोटो मागवा

पावसाळा सुरू झाला की दवाखान्याचा फोन एका ठरावीक तक्रारीने वाजू लागतो. "डॉक्टर, मांजराला आत्ताच आंघोळ घातली आणि आता तोंडातून नुसती लाळ गळतेय." पिसवा वाढलेल्या असतात, दमट हवेत केस लवकर वाळत नाहीत, कुणाला कानामागे नायट्याचा चट्टा दिसलेला असतो, आणि घरची मंडळी मांजराला बादलीत उभं करून मोकळी होतात. या फोनला आपल्यापैकी अनेकांचं उत्तर तयार असतं : घाबरलंय, थोड्या वेळाने थांबेल. पुष्कळदा ते खरंही ठरतं. पण बाटली न बघता दिलेलं हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

भीतीची लाळ ओळखायला अवघड नसते. ती पातळ असते, मांजर कपाटाखाली जाऊन बसतं, मळमळल्यासारखं ओठ चाटतं, आणि तासाभरात लाळ थांबून पुन्हा खायला येतं. शाम्पूचा कडवटपणा जिभेला लागला तरी असंच होतं. मानेवर टाकायचं फिप्रोनिल चाटलं गेलं की थोडा वेळ लाळ सुटते, तीही मुख्यतः औषध ज्या द्रावणात विरघळवलेलं असतं त्याच्या चवीमुळे. इथवर काळजीचं कारण नाही.

काळजी सुरू होते ती मांजराच्या चाटण्याच्या सवयीपासून. ओलं झालेलं मांजर सुटल्याबरोबर अंग चाटायला बसतं. त्याच्या जिभेवरचे काटे टोकाशी पन्हाळीसारखे खोलगट असतात. त्यांतून लाळ केसांच्या मुळापर्यंत जाते आणि केसांवर जे काही राहिलं असेल ते तोंडात येतं. म्हणून मांजराच्या कातडीला लावलेलं कोणतंही औषध तोंडावाटे दिलंय असंच धरून चालावं. कुत्र्याच्या बाबतीत चालून जाणारी ढिलाई इथे महागात पडते.

आता बाटल्यांकडे वळू. पहिली घरातल्या कुत्र्याची. गोचिडांवरच्या ठिबक औषधात परमेथ्रिनचं प्रमाण ४५ ते ६५ टक्के असू शकतं. 'फक्त श्वानांसाठी' ही सूचना पाठीमागे इतक्या बारीक अक्षरांत छापलेली असते की चष्म्याशिवाय दिसत नाही. दुसरी गोठ्यातली : डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन, झाकणाने मोजून बादलीत ओतलेलं. गावाकडे शेजारी म्हशीचं औषध वापरतो म्हणून घरातल्या मांजरालाही तेच लावलं जातं. तिसरी बाटली कुणाला औषध वाटतच नाही. आंघोळीच्या पाण्यात 'जंतू मरावेत' म्हणून दोन झाकणं टाकलेलं क्लोरोझायलेनॉल, नाहीतर फरशी पुसायचं बेंझाल्कोनियम क्लोराइड. बेंझाल्कोनियम चाटल्यावर काही तासांनी लाळ सुटते, ताप चढतो आणि जिभेच्या कडेला व्रण दिसतात. फिनॉल गटातले पदार्थ ग्लुकुरोनाइडशी बांधून बाहेर टाकणारं यूजीटी१ए६ हे विकर मांजरात निकामी असतं. त्यामुळे आपल्या हातांना सोसणारं द्रावण त्याला सोसत नाही. टी ट्री तेलाचे 'हर्बल' शाम्पूही याच यादीत घ्या. त्यानेही लाळ, तोल जाणं आणि थरथर होते.

परमेथ्रिनच्या विषबाधेत लाळ ही सुरुवात असते. मग कान फडफडतात, पाठीवरची कातडी थरारते, पंजे झटकले जातात, काही तासांत अंगभर कंप आणि झटके. कधी हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत लांबतं, म्हणून 'रात्री ठीक होतं' या वाक्यावर विसंबू नये. लाळ आणि थरथर दिसली की हात ॲट्रोपिनकडे जातो. ती जुनी सवय ऑर्गॅनोफॉस्फेटच्या काळातली आहे. बाहुल्या बारीक, हृदयगती मंद, जुलाब असं चित्र असेल तर ती योग्यच. शंका असेल तर आधी ०.०२ मिग्रॅ प्रति किलो एवढीच मात्रा शिरेतून द्या. तेवढ्यानेच ठोके वाढले आणि बाहुल्या पसरल्या, तर ऑर्गॅनोफॉस्फेटची शक्यता कमी. परमेथ्रिनच्या कंपावर मेथोकार्बामॉल उपयोगी : ५५ ते २२० मिग्रॅ प्रति किलो, शिरेतून सावकाश, २४ तासांत ३३० च्या वर नाही. कंप आटोक्यात आल्यावर भांडी घासायचं सौम्य द्रावण आणि कोमट पाणी घेऊन मांजर पुन्हा धुवायचं. आंघोळीवर उतारा आंघोळच! पाणी गरम नको, त्याने त्वचेतलं शोषण वाढतं. मांजर गार पडणार नाही हेही बघा.

मालकाने सांगितलेला क्रम कधी कधी उलटा असतो. हिरड्या सुजलेलं, दात किडलेलं मांजर अंग चाटणं सोडतं. हनुवटीखालचे केस चिकटून येतात, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग पडतात, वास मारू लागतो. वास येतो म्हणून घरचे आंघोळ घालतात आणि त्यानंतर लाळ पहिल्यांदा त्यांच्या नजरेत भरते. पायांवरचा जुना डाग बघितला की खरी गोष्ट कळते. मात्र तोंड उघडण्याआधी हातमोजे घाला. बाहेर फिरणारं, लसीकरण न झालेलं मांजर असेल, आवाज किंवा वागणं बदललं असेल, तर आंघोळीची कथा कितीही पटण्यासारखी असली तरी आपल्या देशात रेबीजचा विचार बाजूला ठेवता येत नाही. चपट्या तोंडाच्या पर्शियनला ड्रायरखाली ठेवलं असेल, तर पहिल्यांदा थर्मामीटर.

निरोगी, आखूड केसांच्या घरमांजराला आंघोळीची गरज नसते, हे आपण पुरेसं ठासून सांगत नाही. नायट्यासाठी औषधी शाम्पू सांगताना तरी शाम्पूचं नाव, पातळ करण्याचं प्रमाण आणि नीट धुऊन कोरडं होईपर्यंत चाटू न देण्याची सूचना चिठ्ठीवर लिहून द्यावी.

वाचकांना दोन विनंत्या. फोन घेणाऱ्या सहायकाला सांगून ठेवा, की आंघोळीनंतर लाळेची तक्रार आली तर धीर देण्याआधी बाटलीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवायचे. आणि कुत्र्यासाठी गोचिडाचं औषध लिहिताना 'घरात मांजर आहे का?' हे विचारल्याशिवाय चिठ्ठी हातात देऊ नका.