बैठकीत गप्प राहिलेला माणूस

मार्च 1795. जामखेडजवळच्या खर्ड्याला निजामाचा तळ पडला होता. मराठ्यांची एक लहान टोळी रात्री घोड्यांसाठी पाणी शोधत ओढ्यावर आली. तिथे निजामाचे लोक होते. अंधारात चाहूल लागली, गोळ्या सुटल्या, पहारेकऱ्यांनीही बार काढले आणि बघता बघता अख्ख्या तळाचा धीर सुटला. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि कोंडला गेला. आवाज खरा होता, त्याचा लावलेला अर्थ मात्र चुकला, आणि तो तपासून पाहायला कोणी थांबले नाही.

असाच घाईने अर्थ लावून, चेहरा आणि आवाजावरून कर्मचाऱ्याचे मन सांगणारी सॉफ्टवेअर्स आज मनुष्यबळ विभागांच्या दारात उभी आहेत. टीममधला ताण वेळीच कळेल, सहकार्य वाढेल, असे विक्रेते सांगतात. एका कारखान्याच्या ऑनलाइन बैठकीचा असा अहवाल मी पाहिला आहे. शिफ्ट बदलण्याच्या प्रस्तावावर पर्यवेक्षक म्हणाले होते, "बरं, बघतो." त्यापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे सकारात्मक. आपल्याकडे साहेबांना दिलेला 'बघतो' हा बहुतेक वेळा मान राखून दिलेला नकार असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पंधरा दिवसांनी विचारले, तेव्हा शिफ्ट जुन्याच होत्या. खरी अडचण, म्हणजे शेवटची बस चुकण्याची, कोणी ऐकूनच घेतली नव्हती.

दोष फक्त मराठीचा अंदाज नसण्याचा नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. राग आलेली माणसे कपाळाला आठ्या घालतात, ती जेमतेम 30 टक्के वेळा; आणि आठ्या पडतात त्या नुसत्या विचारात असतानाही. मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये चेहऱ्यावरून भावना ओळखण्याची सोय मागे घ्यायचे ठरवले. युरोपीय संघात तर 2 फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या ठिकाणी असे भावनावाचन बेकायदा आहे. सवलत आहे ती वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरती. आपल्याकडे अशी बंदी येण्याची वाट न पाहता आपणच चेहरा वाचणारी यंत्रे नाकारावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसभर कोणीतरी आपले तोंड वाचतो आहे हे कळले, की माणूस कामाआधी चेहरा सांभाळू लागतो.

मग यंत्राला काहीच काम नाही का? आहे, आणि ते मोलाचे आहे. अनिता वुली यांच्या चमूने 2010 मध्ये 699 जणांचे छोटे गट करून त्यांना कामे दिली. गटातला सर्वांत हुशार माणूस किती हुशार, यावर गटाचे यश फारसे ठरले नाही. बोलण्याची पाळी सगळ्यांना मिळते का आणि माणसे एकमेकांचे मन ओळखतात का, यावर मात्र ते बरेच ठरले. यांतली पाळी मोजायला यंत्र उत्तम आहे: कोण किती मिनिटे बोलले, कोणाचे वाक्य मध्येच तोडले गेले, कोण तासभर गप्प होते. मन ओळखायचे काम आपले.

खर्ड्यावरच त्याचा नमुना आहे. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन हे एकमेकांकडे संशयाने पाहणारे सरदार पेशव्यांचे कारभारी नाना फडणविसांना एकत्र ठेवायचे होते. इतिहासकार ग्रँट डफ लिहितो, की नानांनी प्रमुख सरदारांना वेगवेगळे गाठून सल्ला विचारला. मोहिमेचा आराखडा घेतला तो जिवबादादा बक्षी आणि तुकोजी होळकर यांच्या मताने, आणि सेनापतिपद दिले परशुरामभाऊ पटवर्धनांना. भर दरबारात कोणी मनातले बोलले नसते, हे त्यांनी जाणले असावे. आणि विचारलेले मत त्यांनी वापरलेही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पुढच्या बैठकीची रेकॉर्डिंग असेल, तर फक्त बोलण्याच्या पाळ्या मोजा, तीही सर्वांना आधी सांगून. ज्याच्या नावापुढे शून्य येईल, त्याला दुसऱ्या दिवशी चहाला एकटे गाठा. काय ऐकायला मिळाले ते, नावे गाळून, आम्हाला कळवा; पुढच्या अंकात त्यासाठी दोन पाने राखून ठेवली आहेत.