गाडी कोणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात एका बाईंनी केंद्राला आपली जुनी मारुती ८०० देऊ केली. “रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा शोधत बसू नका,” म्हणाल्या. आम्ही हरखलो. मग कागद पाहिले. गाडी नवऱ्याच्या नावावर. अठरा वर्षं ती चालवली, पेट्रोल भरलं, मुलांना शाळेत सोडलं ते बाईंनी. द्यायची वेळ आली तेव्हा सही मात्र त्यांची हवी! घराच्या, शेताच्या सातबाऱ्याबद्दल आपण इतकी वर्षं बोलतो आहोत. गाडीचं मलाही कधी सुचलं नव्हतं.

नुसती किल्ली देऊन गाडी दिली असं होत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच राहते; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलं आहे. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण, पर्यावरण कर, शिवाय विमा. हा भार संस्थेवर पडतो. ८०जीची करसवलत वस्तूच्या दानाला नाही, पैशालाच आहे. मारुती ८०० चं उत्पादन तर २०१४ मध्येच थांबलं. तेव्हा गाडी देताना दुरुस्तीपुरते थोडे पैसेही द्यावेत, असं मी निःसंकोच म्हणते.

नवऱ्याने सही केली, दोनदा विचारल्यावर. केंद्रात परवाना आहे फक्त दोघींकडे. बाकीच्यांना त्या बाईच शिकवणार आहेत, येत्या शनिवारपासून.