‘जंतू मारणारा’ साबण : पुढचं मोठं अक्षर नको, मागचं बारीक वाचा

आसगाव (ता. पवनी) : धानाच्या बांधीतून चिखलानं भरून आलं की ‘जंतू मारणारा’ साबणच पाहिजे, असा समज गावागावात आहे. त्यासाठी चार पैसे जास्तही मोजले जातात.

पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसन, ट्रायक्लोकार्बनसह १९ रसायनं असलेल्या घरगुती जंतुनाशक साबणांवर बंदी आणली. हे साबण रोज, वर्षानुवर्षे वापरणं सुरक्षित आहे आणि साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत, हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नाही. हार्मोनवर परिणाम आणि औषधाला दाद न देणारे जंतू, अशी शंका होती. दवाखान्यातल्या वापराला ही बंदी नव्हती.

याचा अर्थ एका वडीनं कोणी आजारी पडेल असा नाही. पण फायदा नसताना धोका आणि जास्तीचा पैसा कशाला? साधा साबण मळ-तेलकटपणा सोडवतो, जंतू पाण्याबरोबर वाहून जातात.

दुकानात वेष्टनाच्या मागचा फोटो काढा, मोठा करा, ही दोन नावं शोधा. लेकरांच्या अंगाला लावायचा साबण असेल तर नक्कीच. अंगावर खाज, चट्टे आले तर साबण बंद करून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.