सायकल चालवा, पण कोणती?

औषध लिहिताना आपण डॉक्टर मंडळी मात्रा, वेळ, जेवणाआधी की जेवणानंतर, सारे काही बजावून सांगतो. व्यायामाची पाळी आली की मात्र ‘सायकल चालवा’ एवढ्या दोन शब्दांवर रुग्णाची बोळवण करतो. हा सल्ला अर्धवट आहे, हे मला येळ्ळूरच्या एका गृहस्थांनी शिकवले.

वजन ११० किलो, सोबतीला मधुमेह. माझ्या सांगण्यावरून त्यांनी गिअरची नवी सायकल घेतली आणि रोज पहाटे राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले. बदलले, पुन्हा तुटले; पुढे आसही वाकला. ‘सायकल चांगली आहे, तुमचंच वजन जास्त आहे,’ असे दुकानात ऐकल्यावर ते खजील झाले आणि सायकल गोठ्यात टांगली गेली. दोष त्यांच्या देहाचा नव्हता.

वास्तविक आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीला हे गणित ठाऊक होते. पुढच्या चाकात ३२ स्पोक, मागच्या चाकात ४०. कारण भार मागे अधिक. दुधाच्या भरलेल्या किटल्या त्याच चाकावर वर्षानुवर्षे शहरात आल्या. आजच्या दिखाऊ सायकलीत पैसा स्प्रिंगच्या फोर्कवर आणि रंगावर जातो, चाकावर नाही. स्वस्त स्प्रिंग जड माणसाखाली दबून बसते. तिच्यापेक्षा साधा पोलादी फोर्क शतपटीने बरा.

स्पोक एका धक्क्याने क्वचितच तुटतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात खाली आलेल्या स्पोकचा ताण सैलावतो व पुन्हा चढतो. ताण मुळातच कमी-जास्त असेल, तर हबजवळच्या वाकणात धातू थकतो. आपल्या परिभाषेत हे स्ट्रेस फ्रॅक्चरच! म्हणून मागे ३६ स्पोकचे, दुहेरी भिंतीच्या रिमचे, हाताने बांधलेले चाक घ्यावे आणि थोडे अंतर चालवल्यावर जाणत्या मिस्त्रीकडून त्याचा आऊट काढून घ्यावा. आस वाकण्याचे कारण निराळे. आट्यांवर बसणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे बेअरिंग आत राहते व आसाचे टोक निराधार पडते. कॅसेटच्या हबमध्ये ते बाहेरच्या बाजूला असते. जड स्वारासाठी हा फरक निर्णायक आहे.

टायर दोन इंच किंवा त्याहून रुंद असावा व हवा पुरेशी असावी; नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूब फाटते. गडाच्या उतारावरून येणाऱ्याने पुढच्या ब्रेकची चकती १८० मिलिमीटरची घ्यावी. माहितीपुस्तिकेतील वजनमर्यादाही वाचावी. पुष्कळदा तीत सामानही धरलेले असते.

हे केवळ रुग्णांसाठी नाही. २००९ च्या भारतीय निकषांनुसार बीएमआय २५ म्हणजे स्थूलता. तो लावल्यास आपल्या स्नेहमेळाव्यातील कितीजण सुटतील, हे न मोजलेलेच बरे. असो.

त्या गृहस्थांनी हबसकट नवे चाक बांधून घेतले आणि पुन्हा बाहेर पडू लागले. संघटनेला माझी विनंती आहे की, पुढील आरोग्य शिबिरात आहारतज्ज्ञाच्या शेजारच्या टेबलावर चाक बांधणारा एक मिस्त्री बसवावा. त्याचे मानधन मी देईन.