बझरवर चिकटवलेली टेप

जुलैतली रात्र, सव्वादोनचा फोन. महाप्याच्या एका डेटा सेंटरमधला यूपीएस ‘पुन्हा वाजतोय’. नवघरहून निघायचं म्हणजे घोडबंदर रस्ता, ठाणे, ऐरोली, मग महापे. पावसात दीड तास गेला. वाटेभर तो एकच शब्द डोक्यात घोळत होता, ‘पुन्हा’. आधी वाजला होता हे मला कोणी कळवलंच नव्हतं.

पोचले तर पॅनेलवर पिवळा दिवा लुकलुकत होता आणि बझरच्या जाळीवर काळी टेप घट्ट चिकटवलेली. शिफ्टवरचा मुलगा तेविशीचा. “मॅडम, महिना झाला. रोज रात्री येतो, सकाळी आपोआप जातो. वर विचारलं तर म्हणाले, बटण दाबून गप्प कर.” त्या रात्री बटण दाबूनही अलार्म जाईना, तेव्हा त्यानं यूपीएसच्या दारावरच्या स्टिकरवरचा माझा नंबर लावला. त्याच्यावर मी रागावले नाही. रात्रभर कानाशी शिट्टी वाजतेय आणि वर सांगूनही कोणी फिरकत नाही, अशा माणसानं टेप लावली तर दोष त्याचा नाही.

मी डिप्लोमा करून १९९९ साली यूपीएस दुरुस्तीच्या कामाला लागले. आमचं घर नवघर गावठाणातलं, आजोबा मिठागरात राबलेले. खारा, दमट वारा लोखंडाचं काय करतो हे आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही. त्या रात्री तेच कामी आलं.

पॅनेलवर अलार्म होता बॅटरी अर्थ फॉल्टचा, म्हणजे बॅटरीतून कुठून तरी जमिनीकडे गळती. इव्हेंट लॉग उघडला तर तारखा सन २००० च्या. बारा वर्षांचं यंत्र. मधे कधीतरी पूर्ण बंद करून चालू केलं तेव्हा घड्याळ मागे गेलं आणि ते कोणी लावलंच नाही. पण नोंदींचा क्रम शाबूत होता. एका बिघाडामागे सात-आठ अलार्म ओळीनं येतात. त्यातला पहिला धरायचा. बाकीचे बहुधा त्याची पिल्लं असतात.

मग मोजणी. तिथे बॅटरीच्या दोन बँका समांतर जोडलेल्या, प्रत्येकीत १२ व्होल्टच्या ४० ब्लॉकची माळ. जनरेटर सुरू करवून घेतला, एक बँक लोडला ठेवली, दुसरीचा ब्रेकर उघडला आणि मीटर लावला. सगळी माळ ५२० व्होल्ट, म्हणजे ब्लॉकला १३. पॉझिटिव्हपासून रॅकच्या लोखंडापर्यंत ३३८, निगेटिव्हपासून १८२. ३३८ भागिले १३, बरोबर २६. टॉर्च घेऊन पॉझिटिव्हकडून सव्विसावा ब्लॉक पाहिला. टर्मिनलच्या मुळाशी केसासारखी चीर, तिथून झिरपलेलं ॲसिड, आणि ट्रेवर पांढरा थर.

अलार्म रात्रीच का यायचा? वीजबिल वाचवायला बॅटरी रूमचा एसी रात्री बंद ठेवत होते. पावसाळी हवा आत शिरली की तो थर ओला व्हायचा आणि वीज वाहू द्यायचा. सकाळी एसी लागला की वाळायचा आणि अलार्म जायचा. महिनाभर ज्याला सगळे खोटा म्हणत होते तो अलार्म रोज रात्री खरं तेच सांगत होता. एका ठिकाणची गळती लगेच काही करत नाही. दुसऱ्या ठिकाणी गळती झाली की मात्र दोन्हींच्या मधली सगळी माळ रॅकच्या लोखंडातून शॉर्ट होते, आणि शेकडो व्होल्टच्या डीसी विजेची ठिणगी एसी विजेसारखी सहज विझत नाही.

हे सविस्तर लिहिलं, कारण माझं म्हणणं एवढंच आहे: अलार्म मीटरनं बंद व्हायला हवा, बटणानं नव्हे. जुन्या यंत्राचा अलार्म खोटा असूही शकतो. सेन्सरही म्हातारे होतात, कार्डांमधल्या पट्ट्यांचे कनेक्टर सैल होतात, तापमान मोजणारी तार तुटून बॅटरी तापल्याचा कांगावा होतो. पण खोटा आहे हेसुद्धा मोजल्याशिवाय ठरत नाही. “नेहमीचाच आहे” हे निदान नव्हे.

मग मोजत का नाहीत? पैशाचं कोडं आहे. बहुतेक ठिकाणच्या वार्षिक देखभाल करारात बॅटरी आणि कपॅसिटर धरलेले नसतात. करार सर्वांत कमी दर भरणाऱ्याला जातो. त्या दरात वर्षाला चार भेटी, धूळ काढणं, रीडिंग लिहिणं आणि सही बसते. मी अहवालात ‘बॅटरी बदलणे आवश्यक’ लिहिते. अहवाल फाइलला लागतो. पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच लिहिते. खर्च मंजूर करणारा माणूस त्या खोलीत कधी येत नाही, आणि खोलीत बसणाऱ्याच्या हातात फक्त बटण असतं.

बॅटरीचं वय काही गूढ नाही. दहा वर्षांची म्हणून विकलेली सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी २५ अंशांना धरून दहा वर्षांची असते; खोली कायम दहा अंशांनी जास्त तापली तर आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. क्षमता ८० टक्क्यांवर उतरली की ती बदलायची, हा मान्य नियम आहे. कपॅसिटर आणि पंखे यांनाही वय आहे. म्हणजे यंत्र विकत घेतानाच कोणत्या वर्षी काय बदलायचं आणि त्याला पैसे कुठून येणार हे लिहिता येतं. सरकारी आणि महापालिकांच्या निविदांत तरी ते बंधनकारक व्हायला हवं. शाळेच्या दाखल्यापासून रुग्णालयाच्या नोंदीपर्यंत सगळं आता सर्व्हरवर आहे आणि तो सर्व्हर अशाच कुठल्या तरी बॅटरीवर उभा आहे.

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिनीच्या एका सर्किटची दुरुस्ती चालू असताना दुसऱ्यात बिघाड झाला. असं झालं की मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर तगवणारी आयलंडिंगची व्यवस्था आहे. ती या शहराची शान होती. त्या दिवशी तीच टिकली नाही. त्याच संध्याकाळी मुलुंडच्या एका रुग्णालयात जनरेटरला आग लागून रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. माझा फोन दुपारी दोनपर्यंत खाली ठेवता आला नाही, आणि आलेल्या बहुतेक तक्रारी अशा यंत्रांच्या होत्या ज्यांची नावं माझ्या जुन्या अहवालांत आधीच होती.

दूरचं बघायचं तर दक्षिण कोरिया. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी नोकर जिथे कामाच्या फाइली ठेवत तो ८५८ टेराबाइटचा साठा, ज्याची दुसरी प्रत नव्हती, जळून गेला. त्या बॅटऱ्या २०१४ साली बसवलेल्या होत्या. दहा वर्षांची मुदत उलटून गेलेली. तंत्रज्ञानात इतक्या पुढे गेलेल्या देशातही मुदत संपलेली बॅटरी ‘चालू आहे ना’ म्हणून राहते, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते.

जुनं यंत्र म्हणजे वाईट यंत्र असं मी म्हणत नाही. अठरा वर्षांचे यूपीएस मी सांभाळलेत, कारण तिथे प्रत्येक ब्लॉकचं रीडिंग वहीत होतं आणि वर्षातून एकदा सुट्टीच्या दिवशी खरा लोड बॅटरीवर टाकून मिनिटं मोजली जायची. जनरेटरचंही तसंच. आठवड्याला दहा मिनिटं रिकामा फिरवून ‘ओके’ लिहिणं ही चाचणी नव्हे. लोड घेऊन फिरला तरच तो ऐनवेळी घेईल की नाही ते कळतं.

ज्यांच्या सहीनं हा खर्च मंजूर होतो त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बझर बंद करण्याचा अधिकार स्वतःकडे घ्या. रात्रपाळीच्या मुलानं बटण दाबण्याआधी तुम्हाला फोन करावा आणि वहीत तुमचं नाव, वेळ आणि कारण लिहावं. तीन रात्री झोपमोड झाली की चौथ्या दिवशी तुम्हीच मीटर घेऊन माणूस बोलवाल.

त्या रात्री मी ट्रे पुसून कोरडा केला, सव्विसावा ब्लॉक बदलला आणि बझरवरची टेप काढली. जुन्या माळेत एकच नवा ब्लॉक घालू नये हे मला माहीत आहे. पहाटे साडेचारला दुसरा मार्ग नव्हता. उरलेले ७९ ब्लॉक बदलण्याचं पत्र त्याच आठवड्यात दिलं. ते अजून मंजूर झालेलं नाही.