चढाई परोपकाराची, खर्च स्वतःचा

किलिमांजारो हे आफ्रिकेतले सर्वांत उंच शिखर, ५,८९५ मीटरचे. कुणी कर्करुग्णांसाठी, कुणी अनाथ मुलांसाठी निधी जमवायचा म्हणून कितीतरी माणसे, विशेषतः ब्रिटनमधून, टांझानियात येऊन ते चढतात. त्यांच्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : ‘एवढा कळवळा आहे, तर विमानाच्या तिकिटाचे पैसेच देऊन टाका. डोंगर चढून कुणाचा आजार बरा होतो?’

हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात गल्लत आहे. तिकिटाचे पैसे एकटा चढणारा देईल. त्याच्या चढाईकडे पाहून खिशात हात घालणारे शेजारी, सहकारी, नातेवाईक एरवी त्या संस्थेच्या वाटेलाही गेले नसते. २००९मध्ये ब्रिटनमधील नऊ गायक-निवेदकांनी ‘कॉमिक रिलीफ’ या सेवाभावी संस्थेसाठी किलिमांजारो सर केला आणि आफ्रिकेतील मलेरियाविरोधी कामासाठी ३० लाख पौंडांहून अधिक निधी उभा राहिला. नऊ जणांनी घरी बसून तिकिटे वाचवली असती, तर मच्छरदाण्यांसाठी एवढा पैसा कुठून आला असता? शिवाय ऑलिव्होला आणि शाफीर या संशोधकांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की सत्कार्यासाठी स्वतः कष्ट, वेदना सोसायच्या असतील तर माणसे अधिक द्यायला तयार होतात. कष्ट हे दानाला जोडलेले निव्वळ प्रदर्शन नव्हे. ते दानाची इच्छाच बळकट करतात.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. अनेक सहलींत जमवलेल्या देणग्यांतूनच सहभागी व्यक्तीचा प्रवासखर्च वळता होतो. रुग्णासाठी दिलेल्या पैशावर दुसऱ्याने सहल करणे हा दात्याचा विश्वासघात आहे; त्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण हा दोष हिशेबाचा आहे, चढाईचा नव्हे. खर्च स्वतःच्या खिशातून केला की हा दोष उरत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप डोंगरावरच्या माणसांचा. पाहुण्याचे तंबू, शिधा, पाणी पोर्टर पाठीवर वाहतात. वजनाची मर्यादा २० किलो आहे. पण ती न पाळणाऱ्या, मजुरी कापणाऱ्या कंपन्याही आहेत. दूरच्या गरिबांसाठी निधी जमवताना शेजारच्या गरिबाला अपुऱ्या कपड्यांत थंडीत कुडकुडत ठेवणे हा परोपकार नाही. पण म्हणून चढाईच बंद केली, तर त्याच पोर्टरची रोजी बुडेल. पोर्टरांना गरम कपडे विनामूल्य वापरायला देणारी आणि कंपन्यांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणारी संस्था किलिमांजारोच्या पायथ्याशी काम करते. तिच्या कसोटीला उतरलेली कंपनी निवडणे प्रत्येकाच्या हाती आहे.

चढाई आणि उपकार यांचे नाते कसे असावे, हे एडमंड हिलरींनी दाखवून दिले. १९५३च्या एव्हरेस्ट विजयाने मिळालेली कीर्ती त्यांनी शेर्पांसाठी निधी जमवण्यात वेचली. शेर्पांनी मुलांसाठी शाळा मागितली. १९६१मध्ये त्यांच्या खुमजुंग गावी शाळा उभी राहिली, १९६६मध्ये खुंदे गावी रुग्णालय. काय हवे ते डोंगरातल्या माणसांनी सांगितले, आणि हिलरींनी ते ऐकले.

म्हणून शिखराच्या नावाने देणगी मागायला कुणी दारात आला, तर त्याला परतवू नका. त्याचा प्रवासखर्च कोण करणार आणि त्याचे ओझे वाहणाऱ्याला पुरती मजुरी मिळणार का, एवढे विचारा. उत्तर चोख मिळाले, तर हात आखडता घेऊ नका.